मेंब्रेन वाळवलं की चालतं, आठवड्याने पुन्हा ओलं: सीओटू पकडणाऱ्या मॉड्यूलचं दुखणं नेमकं कुठे असतं

धुरातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) पकडणारं नवीन मेंब्रेनचं, म्हणजे सच्छिद्र पडद्याचं, मॉड्यूल बसवलं की पहिले दोन-तीन आठवडे आकडे छान येतात. मग एखाद्या सकाळी बाहेर पडणाऱ्या वायूत सीओटू वाढलेला दिसतो. प्रवाह तोच, द्रावण तेच, तापमानही तेच. मॉड्यूल काढायचं, नायट्रोजनने वाळवायचं, पुन्हा लावायचं. आकडे जागेवर येतात आणि पुन्हा घसरतात, या वेळी आधीपेक्षा लवकर. आमच्याकडे ही पाळी पहिल्यांदा २१ दिवसांनी आली, मग ११ दिवसांनी, मग पाचव्याच दिवशी.

हे लिहायचं कारण एवढंच, की "मेंब्रेन खराब निघालं" म्हणून चांगली मॉड्यूल्स भंगारात जाताना मी पाहिली आहेत. त्यातलं एक आमचंच होतं.

आमची मांडणी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. साखर कारखान्याचा बॉयलर बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालतो. त्याच्या धुरात सीओटू साधारण १२ टक्के असतो. त्यातला छोटासा प्रवाह ब्लोअरने ओढून, धुऊन, गाळून आम्ही पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ फायबरच्या मॉड्यूलमध्ये सोडतो. फायबर शेवयांसारखे बारीक असतात, एका नळकांड्यात हजारोंनी भरलेले. फायबरच्या आतून ३० टक्के मोनोइथेनॉलअमाइनचं द्रावण वाहतं, बाहेरून धूर. भिंतीत मायक्रॉनच्या अंशाएवढी छिद्रं असतात. पॉलिमर पाणी झिडकारतो म्हणून द्रावण छिद्रात शिरत नाही, तोंडाशीच अडतं. वायू छिद्रातून येऊन तिथेच द्रावणाला भेटतो आणि अमाइन त्यातला सीओटू धरून ठेवतं. म्हणजे इथे मेंब्रेन काहीच निवडत नाही. निवड करतं ते अमाइन. मेंब्रेनचं काम एकच: छिद्रं कोरडी ठेवून दोघांची गाठ घालून देणं. ही कल्पना क्वी आणि कसलर यांनी १९८५मध्ये मांडली. त्यांच्या प्रयोगांत द्रावण कॉस्टिक सोड्याचं होतं, फायबर पॉलिप्रॉपिलीनचेच.

छिद्रं कोरडी राहण्याला एवढं महत्त्व का, ते एका आकड्यात कळतं. वायूतून सीओटू साधारण १.६ × १०⁻⁵ चौरस मीटर प्रति सेकंद या गुणांकाने पसरतो, पाण्यातून १.९ × १०⁻⁹ने. फरक आठ हजार पटींहून जास्त. भिंत ५० मायक्रॉन जाड धरा. तिचा फक्त विसावा भाग, म्हणजे अडीच मायक्रॉन, द्रावणाने भरला, तर नुसत्या विसरणाच्या हिशोबात त्याचा अडथळा २० मिलिमीटर जाडीच्या कोरड्या भिंतीएवढा होतो. छिद्रात अमाइनची अभिक्रिया चालू असते, त्यामुळे प्रत्यक्षात नुकसान याहून कमी होतं. पण मॉड्यूल वरून पूर्ण कोरडं दिसत असताना क्षमता का कोसळते, याचं उत्तर हेच आहे. थेंब गळायची वाट पाहू नका. गळती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आधी ओलाच झालाय का, ते तपासा

प्रत्येक घसरण ओलाव्यामुळे होत नाही. वायूच्या बाजूचा दाबफरक चढत असेल तर फायबरवर राख बसली आहे. बगॅसची राख हलकी असते आणि गाळणी चुकवून येते. द्रावण नीट उकळून परत येत नसेल, म्हणजे स्ट्रिपरमधून (द्रावण उकळून त्यातला सीओटू काढून टाकणाऱ्या भागातून) निघतानाच त्यात सीओटू उरलेला असेल, तर मॉड्यूल बिचारं काय करणार? म्हणून पहिलं काम: परत येणाऱ्या द्रावणाचं टायट्रेशन. ते ठीक निघालं तरच मॉड्यूलकडे वळा.

मग नायट्रोजन टेस्ट. द्रावण काढून टाका, फायबरच्या आत ०.१ बार दाबाने कोरडा नायट्रोजन सोडा आणि बाहेर किती येतो ते रोटामीटरवर (प्रवाह मोजणाऱ्या नळीवर) वाचा. भरलेल्या छिद्रातलं द्रावण एवढ्या कमी दाबाने बाहेर ढकललं जात नाही, त्यामुळे उघडी छिद्रंच मोजली जातात. आता हा आकडा कशाशी ताडायचा? मॉड्यूल नवंकोरं असताना घेतलेल्या आकड्याशी. तो बहुतेकांकडे नसतो, आमच्याकडेही नव्हता. खोकं उघडल्यावर द्रावणाचा पहिला थेंब आत जाण्याआधी ही टेस्ट करा आणि आकडा मॉड्यूलच्या अंगावरच मार्करने लिहून ठेवा. सगळ्या सल्ल्यांतला हाच एक ऐकलात तरी पुढची निम्मी वणवण वाचेल.

दुसरी खूण वायूच्या बाजूच्या तळाशी मिळते. तिथल्या ड्रेनची तोटी सकाळी उघडा, जे येईल ते बाटलीत धरा आणि त्यातलं अमाइन मोजा. टाकीतल्या द्रावणाएवढंच तीव्र निघालं तर द्रावण आरपार आलं आहे: फायबर तुटला, फायबरची टोकं बसवणारं एपॉक्सी सुटलं किंवा दाबाने छिद्रं फुटली. जवळजवळ साधं पाणी निघालं तर ते वाफेचं झालेलं पाणी आहे. दोन्हींचे इलाज अगदी वेगळे. माझ्या मते या एका बाटलीइतकी माहिती कुठलंही महागडं उपकरण देत नाही.

आमचा पहिला संशय: पहाटेचा गारठा

आमच्या बाटलीत पहिल्या खेपेला जवळजवळ साधं पाणी होतं. बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, त्यामुळे त्याच्या धुराचा दवबिंदू ६० अंशांच्या आसपास जातो. आम्ही धूर ४० अंशांपर्यंत थंड करून सोडत होतो, पण त्या तापमानालाही तो वाफेने भरलेलाच असतो. गळीत हंगाम थंडीत असतो. पहाटे बाहेरचा पारा १२वर आला की मॉड्यूलचं उघडं नळकांडं गार पडतं, फायबरवर आणि छिद्रांच्या तोंडाशी वाफेचं पाणी होतं. द्रावण धुरापेक्षा गरम असलं तर उलट दिशेनेही तेच घडतं: द्रावणातलं पाणी वाफ होऊन छिद्रात येतं आणि पलीकडच्या गार बाजूला थेंब धरतं.

इलाज सोपा होता. धूर ४० अंशांना थंड केल्यावर थेंब पकडायला डेमिस्टर, त्यानंतर हीटिंग टेप गुंडाळून धूर पुन्हा ४५पर्यंत गरम. पाच अंशांनी गरम केला की तोच धूर भरलेला राहत नाही. द्रावण ४० ते ४२च्या मधे ठेवलं. मॉड्यूलला ग्लासवूल आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. बाटली रिकामी येऊ लागली.

आम्हाला वाटलं, मिटलं. पाचव्या दिवसाची घसरण आली ती यानंतर.

हे मुद्दाम सांगते, कारण या दुखण्यात असंच होतं. एक खरं कारण सापडतं, ते दुरुस्त होतं आणि त्यामागे लपलेलं दुसरं तसंच राहतं. गारठ्यामुळे आलेलं पाणी वाळवल्यावर पूर्ण जातं, मागे काही ठेवत नाही. मग दर खेपेला मुदत कमी का होत होती? २१, ११, ५ या आकड्यांतच उत्तर होतं. वाळवून न जाणारं काहीतरी छिद्रांत साठत होतं.

अळूचं पान आणि दोन झाकणं

पाऊस थांबल्यावर अळूच्या पानावरचा थेंब पाहिलाय ना? पान हललं की सरकतो, मागे ओलसुद्धा ठेवत नाही. तेच पान साबणाच्या पाण्यात बुडवून बघा, थेंब पसरतो आणि पान भिजतं. पान तेच असतं. बदललेलं असतं पाणी.

एका रद्द मॉड्यूलमधून काढलेले चार फायबर मी काचेच्या पट्टीवर चिकटवले. एकावर ताज्या द्रावणाचा थेंब, दुसऱ्यावर आमच्या टाकीतल्या द्रावणाचा, वरून मोबाइलचा कॅमेरा भिंग लावून. ताजा थेंब फुगून बसला. टाकीतला थेंब काही मिनिटांत फायबरला लगटला आणि दोन्ही बाजूंना बारीक ओली रेघ सरकली.

यामागचा हिशोब असा. द्रावण छिद्रात घुसायला लागणारा दाब म्हणजे चार गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाचा (थेंब भिंतीला टेकतो त्या कोनाचा) कोसाइन, उणे चिन्ह सोडून, भागिले छिद्राचा व्यास. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर, ३० टक्के अमाइनचा साधारण ६०. छिद्र ०.२ मायक्रॉनचं आणि कोन १०० अंश धरला तर हा दाब सुमारे २ बार येतो. बरीच मोकळीक. आता पृष्ठताण ४५वर आला आणि कोन ९३वर घसरला असं धरा: दाब उरतो ०.४७ बार. पृष्ठताण पाव हिश्शाने उतरला, पण संरक्षण पाऊणहून जास्त गेलं, कारण कोन ९०च्या जवळ जाताना कोसाइन झपाट्याने शून्याकडे धावतो. ९०च्या खाली गेला की दाब लागतच नाही, छिद्र आपणहून द्रावण ओढून घेतं.

पृष्ठताण मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. अकरावी-बारावीच्या प्रयोगवहीतली केशनलिका पुरते. १ मिलिमीटर आतल्या व्यासाची काचेची नळी, क्रोमिक ॲसिडच्या भानगडीत न पडता गरम अल्कलीने आणि मग पुष्कळ शुद्ध पाण्याने धुतलेली. शुद्ध पाणी तिच्यात २९ मिलिमीटर चढतं. आमचं ताजं अमाइन २४ चढलं. टाकीतलं जेमतेम १८.

काहीतरी साबणासारखं द्रावणात येत होतं. ब्लोअरचं तेल? त्याच्या पुढचा, तेलाचे थेंब पकडणारा कोलेसिंग फिल्टर उघडला, स्वच्छ होता. अमाइन ऑक्सिजनने आणि उष्णतेने कुजतं, फॉर्मेट-ॲसिटेटसारखे क्षार होतात, त्यानेही द्रावण बिघडतं आणि फेसाळतं. पण तीन आठवड्यांत एवढं नाही. फेसाचा विचार डोक्यात आला तेव्हा रात्रपाळीच्या काकांना विचारलं, "काका, रात्री स्ट्रिपरमध्ये फेस येतो का हो?"

"येतो की मॅडम. काय नाही, दोन झाकणं डिफोमर टाकतो, लगेच बसतो."

त्यांची यात काही चूक नाही. अमाइनच्या नेहमीच्या उंच टॉवरमध्ये फेस आला की डिफोमर टाकणं ही रूढ पद्धत आहे आणि तिथे ती चालते, कारण तिथे छिद्रं कोरडी ठेवायचा प्रश्नच नसतो. आमच्याकडे मात्र डिफोमरच्या सिलिकॉन इमल्शनमधला तो साबणासारखा भाग थेट फायबरच्या भिंतीवर जाऊन बसत होता. पाणी वाळवलं तरी तो तिथेच. पुढच्या खेपेला द्रावणाला वाट तयारच. ताज्या अमाइनमध्ये त्याचे दोन थेंब टाकून केशनलिका पुन्हा लावली तेव्हा २४चे १९ झाले, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण ज्या मॉड्यूलला आम्ही "खराब बॅच" म्हणून बाजूला टाकलं होतं त्याचाही हाच इतिहास होता.

हे दुखणं फक्त आपल्या क्षेत्राचं नाही. हृदयशस्त्रक्रियेतल्या आणि एक्मोच्या (हृदय-फुफ्फुसांचं काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्राच्या) ऑक्सिजनेटरमध्ये रक्तात ऑक्सिजन घालून सीओटू काढायला पॉलिप्रॉपिलीनचेच सच्छिद्र फायबर वापरत आले. काही तासांच्या शस्त्रक्रियेत ते ठीक चालतात. दिवसेंदिवस चालवलं तर रक्तातले फॉस्फोलिपिड भिंतीवर बसून पृष्ठताण उतरवतात आणि प्लाझ्मा आरपार झिरपतो. म्हणून दीर्घकाळच्या उपचारांसाठी वरून अखंड कातडी असलेले पॉलिमिथाइलपेंटीनचे फायबर आले. रोग अगदी तोच.

रात्रीचा दाब

एक कोडं अजून उरलं होतं. चालू असताना द्रावणाच्या बाजूचा दाब वायूपेक्षा फक्त ०.२ बार जास्त असायचा. ०.४७ची सीमा ओलांडली कशी?

रिग, म्हणजे ही सगळी मांडणी, बंद असताना. द्रावणाची टाकी मॉड्यूलपेक्षा ४ मीटर उंच आहे. पंप बंद केला, पण वाटेतला व्हॉल्व्ह उघडाच, तर ४ मीटरचा स्तंभ रात्रभर फायबरवर उभा: ०.४ बार. पलीकडे धूर बंद, म्हणजे तिथे जास्तीचा दाब शून्य. ०.२ मायक्रॉनचं छिद्र कसंबसं तग धरेल, पण ज्या छिद्राचा व्यास ०.३ असेल त्याची सीमा ०.३१वरच संपते. आणि हजारो फायबरमध्ये मोठी छिद्रं असतातच. चालू असतानाचे दाब आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. बंद रिगकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

आता सुरू करताना आधी वायू, मग द्रावण, तेही व्हॉल्व्ह हळूहळू उघडत. बंद करताना आधी द्रावण, त्याची वाट बंद, मग वायू. वीज गेली तर आपोआप मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाकीच्या खालीच. जमलं तर टाकीच खाली आणा. उलटी भीतीही अनेकांना असते, की वायूचा दाब जास्त झाला तर द्रावणात बुडबुडे जातील. जातील, थोडा वायू वाया जाईल, दाब सारखा केला की थांबेल. भिजलेलं छिद्र असं आपोआप बरं होत नाही. दोन्हींतलं एक पत्करायचंच असेल तर मी बुडबुडे पत्करेन.

भिजलेलं मॉड्यूल परत आणताना

द्रावण काढलं की थेट वाळवू नका. अमाइन आणि त्याचे कार्बोनेट छिद्रातच सुकून बसतात. आधी शुद्ध पाण्याने, बाहेर येणारं पाणी पीएच कागदावर पालटेनासं होईपर्यंत धुवा. वाफेच्या पाण्याचं प्रकरण असेल तर यानंतर ४० ते ५० अंशांचा कोरडा नायट्रोजन, एक-दोन दिवस, नायट्रोजन टेस्टचा आकडा स्थिर होईपर्यंत. घाई म्हणून हीट गन लावू नका. पॉलिप्रॉपिलीनची बारीक छिद्रं त्याने आकसतात.

साबणासारख्या पदार्थाचं प्रकरण असेल तर पाण्याने भागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, दर खेपेला ताजं, तीन-चारदा. आधी उत्पादकाच्या पत्रकात एपॉक्सीला ते चालतं का ते बघा, आणि आसपास ठिणगी, हीटर, विडी काही नको. इथे एक चूक सर्रास होते: अल्कोहोलनंतर "स्वच्छ करायला" पुन्हा पाणी सोडणं. अल्कोहोलचा पृष्ठताण २१-२२च्या आसपास, ते प्रत्येक छिद्रात शिरतं. त्याच्या मागोमाग पाणी सोडलं तर ते अल्कोहोलची जागा घेतं आणि सगळी छिद्रं पाण्याने भरतात. पाणी झिडकारणारे फिल्टर मुद्दाम भिजवायचे असतात तेव्हा हीच युक्ती करतात. म्हणून अल्कोहोलनंतर फक्त कोरडा नायट्रोजन.

आमची दोन मॉड्यूल्स या मार्गाने मूळ आकड्याच्या जवळ आली. तिसरं आलं नाही. अमाइनमध्ये फार दिवस राहिलं की पॉलिप्रॉपिलीन थोडं फुगतं आणि छिद्रांचा आकार बदलतो. तो बदल धुऊन जात नाही. फायबर पीव्हीडीएफ या फ्लोरीनयुक्त प्लास्टिकचे असतील आणि पिवळट-तपकिरी दिसू लागले असतील तर अल्कोहोल वाया घालवू नका. अल्कली त्यातला हायड्रोजन फ्लोराइड ओढून काढते, पॉलिमरच बदलतो. अमाइनसाठी पीव्हीडीएफ घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, सगळ्यांत टिकाऊ, पण महाग, आणि त्याला एपॉक्सीही नीट चिकटत नाही, त्यामुळे टोकं सुटायची भीती. द्रावणच बदलायचं असेल तर अमिनो आम्लांचे पोटॅशियम क्षार आहेत. त्यांचा पृष्ठताण पाण्याहून कमी होत नाही. नेदरलँड्सच्या टीएनओ संस्थेने स्वस्त पॉलिप्रॉपिलीन वापरता यावं म्हणूनच अशी द्रावणं विकसित केली. आम्ही अजून त्या वाटेला गेलेलो नाही.

आमच्याकडे डिफोमरचा डबा आता रिगपासून दूर, कुलपात आहे. परतीच्या द्रावणाच्या वाटेवर सक्रिय कोळशाचा फिल्टर बसवला. तो साबणासारखे पदार्थ आणि कुजलेलं अमाइन दोन्ही धरतो, त्यामुळे फेसच कमी झाला. फेस आलाच तर स्ट्रिपरची उष्णता थोडी उतरवायची आणि थांबायचं.

केशनलिकेचा आकडा रोज पहाटे काकाच लॉगबुकात लिहितात. २३, २३, २२. २१च्या खाली गेला की कोळसा बदलायचा आणि मॉड्यूल बायपास करायचं, मला फोन करायची वाट न बघता.